गार्टर ब्लू हवा? आधी तारीख ठरवा: ए-फोर इंजिनाचं मॉडेल रंगवायची पद्धत

इंग्लंडच्या एलएनईआर (लंडन अँड नॉर्थ ईस्टर्न रेल्वे) कंपनीची ए-फोर जातीची वाफेची इंजिनं एकदा डोळ्यांत भरली की उतरत नाहीत. पाचरीसारखं तिरकं तोंड, चाकांवर आलेला पत्रा, गडद लाल चाकं आणि 'गार्टर ब्लू' नावाचा तो निळा रंग. आपल्याकडे मॉडेल रेल्वेचा छंद असलेल्या कित्येकांच्या कपाटात एखादं तरी ए-फोर असतं आणि कधी ना कधी ते स्वतःच्या हातानं रंगवावंसं वाटतं. मला लोक फोटो पाठवतात, 'कसं झालंय?' विचारतात. रंग बहुतेकदा छान बसलेला असतो. चूक रंगाच्या हातात नसते, क्रमात असते. माणूस आधी रंगाची डबी आणतो, मग नंबर निवडतो आणि सगळ्यात शेवटी फोटो बघतो. जे पहिलं करायचं ते शेवटी होतं.

मीही हेच केलं होतं. ब्रिटिश रेल्वेजच्या, म्हणजे १९४८नंतरच्या सरकारी रेल्वेच्या, हिरव्या रंगातलं एक जुनं ए-फोर घेतलं, निळं केलं, त्यावर ४४६८ आणि 'मॅलार्ड' लावलं आणि १९३८ सालचं म्हणून फळीवर ठेवलं. चाकांवरचा पत्राच नव्हता. दोन महिने रंगवलं आणि ते इंजिन त्या रूपात कधीच धावलेलं नव्हतं. ही वेळ तुमच्यावर येऊ नये म्हणून सगळे टप्पे इथे क्रमानं देतो आहे. मॉडेल ००, म्हणजे १:७६ प्रमाणाचं आणि प्लॅस्टिक बॉडीचं आहे असं धरलं आहे.

टप्पा १: तारीख ठरवा

'मला गार्टर ब्लू करायचं आहे' हा निर्णय पुरेसा नाही. 'मला ४४६८ मॅलार्ड, जुलै १९३८ करायचं आहे' हा निर्णय झाला. एक इंजिन आणि एक महिना-वर्ष, एवढं वहीत लिहा. रंग, नंबर, नाव, धुरांडं, टेंडर (इंजिनामागचा कोळसा-पाण्याचा डबा), पत्रा हे सगळं त्या एका ओळीतून ठरतं.

ए-फोर एकूण ३५ बांधली गेली, सगळी डॉनकास्टरला, १९३५ ते १९३८ या काळात. त्यांच्या अंगावरचे रंग ढोबळमानानं असे बदलत गेले:

१९३५: पहिली चार इंजिनं, २५०९ ते २५१२, 'सिल्व्हर ज्युबिली' गाडीसाठी. रंग करडा, वेगवेगळ्या छटांचा, आणि तोंड गडद. नावात 'सिल्व्हर' आहे म्हणून चकचकीत चांदीचा मेटॅलिक रंग मारू नका. ही चूक फार दिसते.

१९३६ अखेर: ४४८२ 'गोल्डन ईगल' आणि त्यानंतरची काही इंजिनं एलएनईआरच्या नेहमीच्या सफरचंदी हिरव्यात बाहेर पडली.

१९३७: 'कॉरोनेशन' गाडीसाठी पाच इंजिनं, ४४८८ ते ४४९२, गार्टर ब्लूमध्ये. चाकं गडद लाल, अक्षरं आणि आकडे स्टेनलेस स्टीलचे. यांतलंच ४४९० 'एम्पायर ऑफ इंडिया'. १९३८ संपेपर्यंत सगळी जात निळी झाली.

युद्धकाळ: काळा रंग. १९४१पासून चाकांवरचे पत्रे देखभालीला अडचण होते म्हणून काढायला सुरुवात झाली. टेंडरवर 'एलएनईआर'च्या जागी नुसतं 'एनई' आलं.

१९४६पासून: पुन्हा गार्टर ब्लू, पण पत्र्याशिवाय आणि नव्या नंबरांसह, १ ते ३४. मॅलार्ड झालं २२.

१९४८नंतर: ब्रिटिश रेल्वेज. नंबर ६०००१ ते ६००३४. आधी निळ्याचे काही प्रयोग, मग १९४९च्या सुमारास काळ्या-पांढऱ्या रेघांचा निळा आणि १९५१-५२पासून नारिंगी-काळ्या रेघांचा गडद हिरवा.

म्हणजे पत्रा नसलेलं गार्टर ब्लू इंजिन चूकच असतं असं नाही. १९४७ सालचं, २२ नंबरचं मॅलार्ड अगदी बरोबर आहे. माझ्या त्या पहिल्या मॉडेलवर मी ४४६८ऐवजी २२ लावलं असतं तर निम्मं काम वाचलं असतं.

नावांकडेही बघा, ती बदलत होती. ४४९६ला 'ड्वाइट डी. आयझेनहॉवर' हे नाव १९४५ साली मिळालं, आधी ते 'गोल्डन शटल' होतं. ४४६९ आधी 'गॅडवॉल', मग १९३९ साली 'सर राल्फ वेजवुड', आणि एप्रिल १९४२मध्ये यॉर्कवरच्या बॉम्बहल्ल्यात ते नष्ट झालं. ३५ इंजिनांना पुढे ३४च नंबर लागले ते यामुळे. ४४८९ सुरुवातीला 'वुडकॉक' होतं, नंतर 'डोमिनियन ऑफ कॅनडा' झालं.

एलएमएस या दुसऱ्या रेल्वे कंपनीची कॉरोनेशन जात (वरची 'कॉरोनेशन' गाडी वेगळी) करणाऱ्यांसाठीही तारखेचा नियम तितकाच कडक आहे. निळ्यावर चंदेरी पट्टे ६२२० ते ६२२४ला, लालवर सोनेरी पट्टे ६२२५पासून. मात्र १९३९ साली अमेरिकेच्या दौऱ्यासाठी लाल ६२२९ 'डचेस ऑफ हॅमिल्टन'ला ६२२०चा नंबर आणि 'कॉरोनेशन' नाव दिलं गेलं, आणि खरं निळं कॉरोनेशन ६२२९ म्हणून इंग्लंडात धावत राहिलं. त्यामुळे लाल रंगातलं 'कॉरोनेशन' बघून कुणाला लगेच चुकीचं ठरवू नका. तारीख विचारा.

तपासा: वहीत इंजिनाचा नंबर, नाव, महिना आणि वर्ष लिहिलं आहे का? नसेल तर दुसऱ्या टप्प्यावर जाऊ नका.

टप्पा २: फोटो जमवा आणि नीट वाचा

त्याच इंजिनाचे, त्याच काळाच्या जवळचे किमान तीन फोटो हवेत: डावी बाजू, उजवी बाजू, तोंड. चौथा टेंडरच्या मागचा मिळाला तर उत्तमच.

इथे दोन सापळे आहेत आणि दोन्हींत चांगली अनुभवी माणसं अडकतात.

पहिला, जतन केलेल्या इंजिनांचे आजचे फोटो. ए-फोरपैकी सहा इंजिनं शिल्लक आहेत. चार इंग्लंडात, एक अमेरिकेत ग्रीन बे इथे, एक कॅनडात. त्यांचे रंगीत, स्वच्छ फोटो हवे तेवढे मिळतात, म्हणून सगळे तेच बघून रंगवतात. पण जतन केलेलं इंजिन एका काळाचा रंग आणि दुसऱ्या काळाचं धुरांडं घेऊन उभं असू शकतं. ४४९८ 'सर नायजेल ग्रेस्ली' १९३७ साली एकेरी धुरांड्याचं होतं, दुहेरी धुरांडं त्याला १९५७ साली बसलं. पुढे जतन झाल्यावर ते गार्टर ब्लूमध्ये वर्षानुवर्षं धावलं, पण दुहेरी धुरांड्यासह. 'बिटर्न'नं तर १९८८मध्ये २५०९ 'सिल्व्हर लिंक'चं आणि २०११पासून काही काळ ४४९२ 'डोमिनियन ऑफ न्यूझीलंड'चं रूप घेतलं होतं. तो फोटो बघून तुम्ही १९३५चं सिल्व्हर लिंक रंगवलंत तर धुरांडं दुहेरी करून बसाल.

दुसरा सापळा कृष्णधवल फोटोंचा. 'फोटोत चाकं काळी दिसतात, मग लाल कशाला?' हा प्रश्न मला अनेकदा येतो. त्या काळात बऱ्याच ठिकाणी वापरात असलेल्या ऑर्थोक्रोमॅटिक फिल्मला लाल रंग जवळजवळ कळतच नसे. लाल काळा उमटायचा आणि निळा फिकट. त्यामुळे कृष्णधवल फोटोवरून रंग ठरवायचा नाही. त्यावरून ठरवायच्या त्या जागा: आकडा खिडकीपासून किती खाली आहे, टेंडरवरची अक्षरं किती दूर दूर आहेत, काळ्या तोंडाची कड कुठून वळते. रंग लिखित नोंदीवरून, जागा फोटोवरून.

तपासा: प्रत्येक फोटोच्या मागे साल लिहा. साल माहीत नसलेला फोटो वेगळ्या पाकिटात ठेवा, त्याच्या आधारानं काहीही ठरवू नका.

टप्पा ३: मॉडेल त्या तारखेला चालेल का?

आता मॉडेल हातात घ्या आणि तीन गोष्टी बघा.

पत्रा. युद्धापूर्वीचं इंजिन असेल तर चाकांवर येणारा बाजूचा पत्रा, म्हणजे वॅलन्स, असायलाच हवा. प्लॅस्टिकच्या शीटमधून तो कापून बसवता येतो, पण ती वक्र कड दोन्ही बाजूंना सारखी येणं अवघड असतं. पहिलंच मॉडेल असेल तर पत्रा असलेलीच बॉडी शोधा.

धुरांडं. नवं असतानाच दुहेरी धुरांडं मिळालेली इंजिनं फक्त चार, सगळी १९३८ची: ४४६८ मॅलार्ड, ४९०१ कॅपरकेली, ४९०२ सीगल, ४९०३ पेरेग्रिन. बाकी सगळ्यांना ते १९५७-५८मध्ये मिळालं. युद्धापूर्वीच्या कुठल्याही दुसऱ्या नंबरावर दुहेरी धुरांडं दिसलं की मॉडेल चुकलं.

टेंडर. लंडन ते एडिंबरा न थांबता जाण्यासाठी काही टेंडरांतून चालक बदलायला आतून वाट होती. अशा टेंडरच्या मागे डब्याला जोडणारा दरवाजा आणि वर छोटी गोल खिडकी दिसते. मॅलार्डला नवं असताना अशी वाट नसलेलं टेंडर होतं. टेंडर इंजिनाइंजिनांत बदलतही असत, म्हणून फोटो बघितल्याशिवाय ठरवू नका.

याशिवाय ब्रिटिश रेल्वेजच्या काळातल्या खुणा शोधा: तोंडावरची ओतीव नंबरपट्टी, १९६०च्या आसपास आलेले विजेच्या तारांबद्दलचे इशाऱ्याचे छोटे चौकोन. युद्धापूर्वीच्या इंजिनावर यांतलं काहीही राहता कामा नये. नंबरपट्टी प्लॅस्टिकमध्येच उठावदार असेल तर धारदार ब्लेडनं सपाट करून घ्यावी लागते, आणि ते आत्ताच करायचं, रंगानंतर नाही.

मॉडेल जुळत नसेल तर मॉडेल बदलण्यापेक्षा तारीख बदला. त्यात कमीपणा काही नाही, इंजिन तेच राहतं.

टप्पा ४: सुटं करा

बॉडी चासीपासून, म्हणजे चाकं आणि मोटर असलेल्या खालच्या सांगाड्यापासून, वेगळी करा. स्क्रू कुठून निघाला ते मोबाइलवर फोटो काढून ठेवा. बारीक भाग, म्हणजे हँडरेल, शिट्टी, बफर, निघत असतील तर काढा आणि गोळ्यांच्या साप्ताहिक डबीत कप्प्याकप्प्यानं ठेवा. डाव्या बाजूचे एका कप्प्यात, उजव्याचे दुसऱ्यात.

थांबा: मोठी चाकं आसावरून काढू नका. डाव्या आणि उजव्या बाजूची चाकं एकमेकांशी ९० अंशांच्या कोनात बसवलेली असतात. तो कोन जरा हलला की इंजिन लंगडत चालतं आणि घरी तो परत जुळवणं फार त्रासाचं आहे. चाकं जागेवर ठेवूनच रंगवायची.

टप्पा ५: जुना रंग उतरवा

फक्त नंबर बदलायचा असेल तर सगळा रंग काढायची गरज नाही. छापलेला आकडा इनॅमल थिनरच्या अगदी थोड्या ओल्या इअरबडनं, हलक्या हातानं, गोल गोल फिरवत उतरवता येतो. पण हिरव्याचं निळं करायचं असेल तर पूर्ण उतरवा. रंगावर रंग चढवत गेलं की रिव्हेट आणि पत्र्याचे सांधे बुजतात.

प्लॅस्टिकसाठी ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल वापरा. झाकणाच्या डब्यात बॉडी बुडवून ठेवा आणि दर दोन तासांनी जुन्या टूथब्रशनं घासून बघा. काही रंग तासाभरात सुटतात, काहींना रात्र लागते. खिडक्या बंद करून हे काम करू नका, आणि जवळ गॅस, उदबत्ती, निरांजन काहीही पेटतं नको.

थांबा: हार्डवेअरच्या दुकानात 'थिनर द्या' म्हटलं की बहुतेकदा एनसी थिनर मिळतो. तो प्लॅस्टिक वितळवतो. अल्कोहोलसुद्धा आधी बॉडीच्या आतल्या बाजूला, न दिसणाऱ्या जागी, थेंबभर लावून दहा मिनिटं थांबून बघा.

रंग निघाल्यावर भांडी घासायच्या साबणानं धुवा, भरपूर पाण्यानं खळबळून घ्या आणि एक दिवस वाळू द्या. यानंतर बॉडीला उघडी बोटं लागता कामा नयेत. बोटांचं तेल रंगाखाली राहतं आणि सहा महिन्यांनी तिथूनच पोपडा निघतो. बॉडीच्या आत लाकडी पट्टी अडकवून घ्या, तीच मूठ.

टप्पा ६: प्रायमर

करड्या प्रायमरचे दोन पातळ हात. पहिला असा की खालचं प्लॅस्टिक अजून दिसतंय. पहिल्याच हातात सगळं झाकायला गेलात की ओघळ आलाच म्हणून समजा.

प्रायमर वाळल्यावर बॉडी खिडकीच्या उजेडात तिरकी धरा. सांधे, ओरखडे, मघाशी काढलेल्या नंबरपट्टीचा व्रण, सगळं आता दिसतं. बाराशे नंबरचा वॉटर पेपर ओला करून घासा आणि तिथे पुन्हा प्रायमर द्या. ए-फोरची बाजू लांब आणि गुळगुळीत असते, त्यामुळे बारीकसा खड्डाही निळ्याखाली उठून दिसतो. साध्या इंजिनावर पाइप आणि पट्ट्यांत जे लपून जातं ते इथे लपत नाही.

पावसाळ्याबद्दल: कोकणपट्टीत, मुंबई-ठाण्यात जुलैमध्ये स्प्रे मारायचा मोह टाळा. हवेत दमटपणा फार असला की लॅकर आणि मॅट वार्निश पांढरट पडतं, धुकं धरल्यासारखं. मी जून ते सप्टेंबर फक्त फोटो जमवणं, सुटं करणं आणि धुणं एवढंच करतो. रंग दिवाळीनंतर. मारायचाच असेल तर कोरड्या दिवशी दुपारी मारा, आणि वाळायला बंद खोक्यात ४० वॅटचा पिवळा बल्ब लावून ठेवा. खोक्यात हात ठेववेल इतकीच ऊब हवी. हात भाजत असेल तर बॉडी वाकडी होईल.

टप्पा ७: निळा

गार्टर ब्लू म्हणून तयार मिळणारे रंग एकमेकांशी जुळत नाहीत. एकाच कंपनीची डबी घ्या आणि इंजिन-टेंडर दोन्ही त्याच डबीतून, एकाच दिवशी रंगवा. टेंडर 'पुढच्या रविवारी' म्हणून ठेवलं की छटा वेगळी येते, आणि दोन्ही शेजारी उभी केली की ते आयुष्यभर दिसत राहतं.

लहान वस्तूवर गडद रंग अधिकच गडद दिसतो. म्हणून मी निळ्यात पांढऱ्याचे थेंब टाकून तो किंचित उजळ करतो. किती, हे आधी प्लॅस्टिकच्या चमच्यावर मारून, वाळवून, घरातल्या उजेडात बघून ठरवा. डबीतला ओला रंग बघून ठरवायचं नाही.

एअरब्रश असेल तर ०.३ मिमी नोझल, १५ ते २० पीएसआय दाब, अंतर साधारण १५ सेंमी. हात सुरू करायचा तो बॉडीच्या बाहेर आणि थांबवायचा तोही बाहेर. चाकांवरच्या पत्र्याची आतली कड आणि तोंडाखालचा भाग आधी मारा, मोठी सपाट बाजू शेवटी. तीन ते चार पातळ हात.

रंगांच्या जातींबद्दल एक नियम लक्षात ठेवा: अॅक्रिलिकवर इनॅमल चालतं, पण इनॅमलवर लॅकरचा स्प्रे मारलात तर खालचा रंग सुरकुततो.

तपासा: इनॅमल असेल तर ४८ तासांनी बॉडी नाकाजवळ धरून वास घ्या. वास येतोय म्हणजे आतून वाळलेलं नाही. टेप लावायची नाही.

टप्पा ८: काळं तोंड

इथे सगळ्यात जास्त मॉडेलं बिघडतात, म्हणून सावकाश.

तोंडाचा काळा भाग बाजूला येऊन वक्र कडेनं निळ्यात मिळतो. ती कड सरळ नाही आणि वर्तुळाचा तुकडाही नाही. वर उताराशी सुरू होऊन खाली पसरत जाणारा वळसा आहे. अंदाजानं टेप लावली की डावी कड उजवीपेक्षा दोन मिलिमीटर पुढे जाते, आणि समोरून बघितलं की इंजिन तोंड वाकडं केल्यासारखं दिसतं.

क्रम असा ठेवा:

(१) बाजूचा फोटो मॉडेलच्या लांबीएवढा करून छापा.

(२) त्यावर पारदर्शक कागद ठेवून वळसा गिरवा आणि कापा. हा झाला साचा.

(३) साच्यावरून मास्किंग टेपवर दोन तुकडे कापा, दुसरा साचा उलटा करून. दोन्ही तुकडे एकाच साच्यातून आले तरच कडा जुळतात.

(४) बॉडीवर तीन ठिकाणी टाचणीच्या टोकाएवढ्या पेन्सिलखुणा करा: वर, मध्ये, खाली. दोन्ही बाजूंची मोजमापं पट्टीनं ताडून बघा.

(५) टेप लावा, कड नखानं नाही, लाकडी टूथपिकच्या बोथट टोकानं दाबा. सांध्यांवर आणि रिव्हेटवर विशेष.

(६) मागचा सगळा भाग कागदानं झाका. झाकण्यात कंजुषी केली की काळा धुरळा टेंडरच्या बाजूपर्यंत जाऊन बसतो.

(७) काळ्याच्या आधी टेपच्या कडेवर त्याच निळ्याचा किंवा पारदर्शक वार्निशचा एक हलका हात द्या. कडेखाली काही शिरायचंच असेल तर ते निळंच शिरू दे. या एका गोष्टीनं माझ्या कडा सुधारल्या, बाकी कशानं नाही.

(८) मग काळा, दोन पातळ हात.

(९) काळा हाताला चिकटेनासा झाला की लगेच टेप काढा, पूर्ण कडक व्हायची वाट बघू नका. टेप वर ओढायची नाही, स्वतःवरच मागे दुमडत, पृष्ठभागाला लगटून ओढायची.

काळ्या-निळ्याच्या सीमेवरची बारीक रेघ ब्रशनं काढू नका. तिच्यासाठी डिकल, म्हणजे पाण्यात भिजवून चिकटवायचं छापील चित्र, येतं आणि वळणावर ते बसतंही.

एलएमएसच्या पट्ट्यांचं गणित याच्या उलट आहे. तिथे आधी चंदेरी किंवा सोनेरी मारायचा, वाळल्यावर पट्ट्यांच्या जागी बारीक टेप लावायची आणि मग वरून निळा किंवा लाल. निळ्यावर नंतर पट्टे ओढायला गेलात तर चारही पट्टे एका अंतरावर राहत नाहीत.

टप्पा ९: चाकं

गडद लाल. भडक सिग्नलचा लाल नव्हे. बारीक ब्रशनं, पातळ रंगानं, आरे एकेक करून. चासीला ९ व्होल्टची बॅटरी जोडून चाकं थोडी थोडी फिरवत गेलं की लपलेले आरेही समोर येतात, पण फिरत असताना ब्रश लावू नका.

थांबा: रुळाला टेकणारा भाग, चाकांच्या मागची बाजू आणि वीज घेणाऱ्या पट्ट्या, यांवर रंग नको. लागलाच तर ओला असतानाच पुसा. रंगवल्यावर इंजिन अडखळत धावायला लागलं की दहातल्या नऊ वेळा कारण हेच असतं.

टप्पा १०: ग्लॉस, मग अक्षरं

मॅट रंगावर थेट डिकल लावलं की खाली हवा अडकते आणि अक्षराभोवती चंदेरी चौकट दिसते. आधी ग्लॉस वार्निशचा हात, एक दिवस वाळू द्यायचा, मग डिकल.

डिकल मागवताना प्रमाण बघा. १२ इंची आकडा ००मध्ये ४ मिमी येतो, एचओमध्ये, म्हणजे १:८७ प्रमाणात, साधारण ३.५ मिमी. रूळ दोन्हींचा १६.५ मिमी, त्यामुळे सगळं एकच आहे असा समज होतो. कोथरूडच्या जोशींच्या मिनिएचर रेल्वे संग्रहालयात ती मांडणी तासन् तास बघत असताना लहानपणी मलाही सगळी प्रमाणं एकच वाटायची. कॅबवर, म्हणजे चालकाच्या केबिनच्या बाजूवर, मात्र अर्धा मिलिमीटर लगेच कळतो.

आणि कुठली अक्षरं? कॉरोनेशन गाडीच्या पाच इंजिनांना स्टीलची. त्यांच्यासाठी धातूची एच केलेली, म्हणजे रसायनानं कोरून काढलेली, अक्षरं मिळतात, ती छापील चंदेरी डिकलपेक्षा कितीतरी बरी दिसतात. इतर इंजिनांच्या बाबतीत तुमच्या तारखेचा फोटो बघा, कारण छाया दिलेली सोनेरी अक्षरंही वापरात होती.

टेंडरवर आधी चारही अक्षरांच्या मध्यखुणा पेन्सिलनं करा. पहिलं आणि शेवटचं अक्षर लावा, मग मधली दोन. 'एल'पासून ओळीनं सुरू केलं की 'आर'ला जागा उरत नाही किंवा फार उरते. एकावेळी एकच डिकल कोमट पाण्यात भिजवा, सरकवून जागेवर आणा, कागदी रुमालाच्या कोपऱ्यानं पाणी टिपा. मऊ करणारं द्रव लावल्यावर ते सुरकुतेल, घाबरू नका आणि बोट लावू नका. ते आपोआप ताणून बसतं.

नावाच्या धातूच्या पट्ट्या सुपरग्लूनं चिकटवू नका. त्याच्या वाफेनं भोवतीच्या रंगावर पांढरा थर धरतो. ग्लॉस वार्निशच्या थेंबानं पुरेशी चिकटते, आणि नाव चुकलंच तर काढताही येते.

तपासा: आता वही उघडा. नंबर, नाव, तारीख. दोन्ही बाजूंचा कॅब, टेंडर, पट्टी ताडून बघा. एका बाजूला ४४६८ आणि दुसऱ्या बाजूला ४४८६ लावलेलं मॉडेल मी स्वतः पाहिलं आहे.

टप्पा ११: शेवटचा हात आणि जोडणी

डिकल एक दिवस वाळल्यावर ओल्या इअरबडनं त्यांच्या कडेचा डिंक पुसा, मग सॅटिन वार्निश. पूर्ण ग्लॉस ठेवलं तर खेळणं वाटतं, पूर्ण मॅट केलं तर निळ्याचा जीव जातो. काळं तोंडही त्याच सॅटिनमध्ये.

काजळी आणि धूळ दाखवायची का? तुमची तारीख उत्तर देते. नुकतंच कारखान्यातून बाहेर पडलेलं १९३७-३८चं कॉरोनेशन गाडीचं इंजिन रोज पुसलं जायचं, त्यावर टेंडरच्या वरच्या कोळशाजवळ आणि चाकांच्या खालच्या भागात जरासा करडेपणा पुरे. युद्धातलं काळं इंजिन मात्र मळकटच हवं.

बारीक भाग ज्या कप्प्यातून काढले त्याच बाजूला बसवा. हँडरेल काढलेली असेल तर ती बसवताना भोक टाचणीनं मोकळं करून घ्या, रंगानं ते बुजलेलं असतं आणि जोर लावला की बॉडीचा पोपडा निघतो. स्क्रू घट्ट आवळण्याआधी चासीवर बॉडी नुसती टेकवून इंजिन हातानं मागेपुढे सरकवा. पत्रा असलेल्या ए-फोरमध्ये रंगाच्या थरानं आतली जागा कमी होते आणि बाजूचे दांडे पत्र्याच्या आतल्या कडेला घासतात. घासल्याचा आवाज आला तर बॉडी काढा, आतली कड वॉटर पेपरनं केसभर घासा आणि पुन्हा टेकवून बघा. मग तुमच्याकडे असलेल्या सगळ्यात अरुंद वळणावरून, आधी सावकाश, दोन्ही दिशांनी चालवा.